गोड्या पाण्याची साय

ताई, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलत सासूबाई खराटा घेऊन वाडीत उतरल्या. भेटायला माणसं येणार, आणि चिकूच्या झाडांखाली हा घोट्याएवढा पालापाचोळा, लोक काय म्हणतील, असं पुटपुटत त्यांनी पदर खोचला आणि सपासप झाडायला लागल्या. मी ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात त्राण नव्हतं, पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. पण तो खराट्याचा आवाज कानावर आला आणि मी तरातरा वाडीत गेले, त्यांच्या हातातून खराटा काढून घेतला आणि म्हटलं, काकी, ही वाडी झाडायची नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. याच पाचोळ्यावरून मी तुमच्याशी किती वर्षं भांडले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही असतात तर हसून हसून बेजार झाला असतात. आता कशी आलीस वळणावर, असं म्हणाला असतात, आणि मग मी दिवसभर तुमच्याशी बोलले नसते.

खरं तर मला कालच्या आवसेचं सांगायचं आहे. तुमच्या मागे आपल्या आळीतल्या विहिरी गोड राहतात की पुन्हा मचूळ होतात, ही धास्ती तुम्ही गेल्यापासून माझ्या जिवाला लागली होती. विहिरी गेल्या तर वाडी गेली, आणि वाडी गेली तर तुम्ही आयुष्यभर केलेलं सगळं गेलं. काल त्याचा सोक्षमोक्ष लागायची वेळ आली. पण ते सांगायला बसले की मागचंच एकेक आठवत राहतं, म्हणून जरा लांबून येते. तुम्हाला काय, आता घाई नाही.

मी लग्न होऊन घोलवडला आले तेव्हा तुम्ही थोरली सून होतात आणि वाडीवर आपलंच राज्य आहे अशी तुमची समजूत होती. सासूबाईंची समजूत वेगळी होती. त्यांच्या राज्यात वाडी अंगणासारखी लख्ख हवी. सकाळी उठून पान न् पान गोळा करायचं, ढीग रचायचा आणि काडी लावायची. वाडी कशी झाडलेली आहे त्यावरून सुनेची परीक्षा व्हायची. तुम्ही पडलात डोंगराकडच्या, तलासरीच्याही आतल्या गावच्या. झाडाने स्वतःसाठी घातलेलं अंथरूण आपण रोज उठून का जाळायचं, असं तुम्ही सासूबाईंना सरळ विचारलंत. त्यांनी कपाळाला हात लावला. मग नणंदेला बघायला पाहुणे आले, त्या दिवसाची आठवण अजून घरात निघते. वाडीतून पाचोळा तुडवत आलेल्या त्यांच्यातल्या एका आजींनी माझ्या कानाशी लागून विचारलं, घरात कोणाचं काही झालंय का? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र तिथूनच सांगितलंत, नाही हो आजी, झाडं जिवंत आहेत म्हणून पानं पडतात. लग्न त्याच घरी जमलं. आपली नणंद आता तिच्या वाडीतला पाचोळा कोणाला हात लावू देत नाही.

नंतर ते बोअरचं वर्ष आलं. विहिरीचं पाणी खाली खाली जात होतं, म्हणून आमच्या ह्यांनी आणि तुमच्या ह्यांनी, मोठ्या भावोजींनी, विहिरीशेजारी खोल बोअर मारायचं ठरवलं. तुम्ही नको म्हणालात, पण का नको ते तुम्हाला नीट सांगता येईना. समुद्र एवढा जवळ असताना खोल खोल कशाला जायचं, एवढंच म्हणत राहिलात. बोअरला धो धो पाणी लागलं. नारळ फुटला, आळीत पेढे वाटले. आपल्या बांधाला बांध लागून असलेल्या रमणभाईंनी पेढा खाल्ला आणि लगेच बोअरची गाडी स्वतःकडे बोलावली. बघता बघता सगळ्या आळीने बोअर मारल्या. मग एका उन्हाळ्यात चिकूच्या पानांची टोकं भाजल्यासारखी करपली. साबणाला फेस येईना. तुरीची डाळ कुकरमध्ये कितीही शिट्ट्या द्या, दाण्याला दाणा अखंड. पाणी तोंडात घेतलं तर खारट म्हणावं इतकं खारट नाही, आणि गोड तर नाहीच. मचूळ. आपण पेढे वाटून समुद्र घरात आणला, असं तुम्ही जेवताना म्हणालात, आणि भावोजी भरल्या ताटावरून उठले.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला माहेरी घेऊन गेलात. मला वाटलं, रुसून निघाल्यात आणि सोबतीला मला ओढताय. पण तुमच्या डोक्यात दुसरंच होतं. घराच्या मागे उतारावर तुमची भाताची खाचरं, एकाखाली एक, आणि त्यांच्याही वर नागलीचा माळ. उन्हाने जमीन तडकलेली, गवताचा रंग उडालेला. तुम्ही मला पार खालच्या खाचराच्या कडेला नेलंत. तिथे हाताने खणलेला एक खड्डा होता आणि त्यात पाणी होतं. स्वच्छ, थंड, भर उन्हाळ्यात. तुम्ही सांगितलंत की पावसात हे पाणी वर माळावर पडलं, प्रत्येक खाचरात पाहुण्यासारखं थांबलं, जमिनीत उतरलं आणि आता सावकाश इथे पोचलं आहे. मी ओंजळीने प्यायले. आजवर मी पाणी नळाचं, विहिरीचं, टाकीचं म्हणून ओळखत होते. ते महिनोन् महिने जमिनीतून चालत येतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या खड्ड्याशी मी किती वेळ बसले होते कोण जाणे. तुम्ही हाक मारून मारून कंटाळलात.

तिथेच तुमचं तुमच्या थोरल्या भावाशी वाजलं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून भाजायचं, ज्याला तिकडे राब म्हणतात, त्यासाठी त्यांनी ऐनाची झाडं ओकीबोकी करून ठेवली होती. माळावर झाडच राहिलं नाही तर पाणी थांबणार कशाच्या आधाराने, म्हणून तुम्ही त्यांना फैलावर घेतलंत. ते विडी विझवून शांतपणे म्हणाले, "लीले, राब भाजला नाय तर रोपात गवत माजतं. ते उपटायला तू येशील काय घोलवडवरून?" तुम्हाला निरुत्तर झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुढे दर वर्षी तो वाद तुम्ही दोघं तिथून पुढे चालू करायचात. त्यांनी फांद्या कमी केल्या, पेंढा आणि पडलेला पाला वापरायला लागले, पण राब सोडला नाही. तुम्हीही बोलणं सोडलं नाहीत. तुमच्या दिवसांना ते आले होते. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, यंदा एक पण ऐन तोडला नाय, आणि सांगायला ती नाय.

त्या वेळी गार्गी अहमदाबादला शिकत होती. तुमची लेक इमारतींचे नव्हे, त्यांच्या भोवतालच्या जमिनीचे आणि पाण्याचे आराखडे करायला शिकतेय, हे आम्ही लोकांना समजावून सांगताना थकायचो. ती सुट्टीत आली आणि ओटीवरच्या फरशीवर तिने खडूने चित्र काढलं. आपल्या पायाखालच्या वाळूत समुद्राचं खारं पाणी आतपर्यंत आलेलं असतं, आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. वरचं हळूहळू काढलं तर ते पुरतं. खोलवरून जोरात ओढलं की खालचं खारं वर चढतं. तुम्ही चित्राकडे बघून म्हणालात, म्हणजे दुधावरची साय. चमच्याने अलगद काढायची ती सोडून आपण पातेल्यात नळी खुपसली. गार्गी म्हणाली, बरोबर आई, आणि साय जाड व्हायला हवी असेल तर वरून पाऊस मुरवायला हवा. तुम्हा दोघी मायलेकींचे चेहरे तेव्हा असे उजळले होते की मी भाजी करपवली.

गार्गीनेच तो शब्द घरात आणला, पुनरुज्जीवन. नुसतं नुकसान कमी करून भागत नाही, आपण जिथे राहतो ती जागा आपल्या राहण्याने आणखी जिवंत व्हायला हवी, असं काहीतरी ती सांगत होती. मी म्हटलं, बाई गं, आम्ही माणसं आहोत, गांडुळं नव्हे. तुम्ही लगेच म्हणालात, गांडुळाला जमतं ते तुला जमायला काय हरकत आहे? तेव्हापासून तुम्ही मला भावोजींसमोरसुद्धा गांडूळ म्हणायला लागलात. तेवढं एक मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

तुमचंही सगळं सरळ गेलं असं नाही. पहिलं तळं तुम्ही वाडीच्या खालच्या कोपऱ्यात, समुद्राच्या अंगाला खणायला लावलंत. सगळं पाणी वाहत तिथेच जातं, तर तिथेच अडवू, असा तुमचा हिशेब. गार्गी परीक्षेत अडकली होती, आणि तुम्हाला कोण थांबवणार? श्रावणातल्या मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी मागच्या नाल्यातून चढलं आणि तुमच्या तळ्यात येऊन बसलं. कडेची सगळी झाडं गेली. सासूबाईंनी लावलेली कलमं होती ती. आमचे हे तुम्हाला काहीच बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. तुम्ही त्या झाडांना एकेक करून हात लावत फिरलात, आणि घरी येऊन म्हणालात, मी डोंगरातली, मला पाणी फक्त खाली जाताना माहीत होतं, समुद्राचं पाणी वर येतं हे मी विसरले. मग तळं बुजवलंत आणि वरच्या, रेल्वेच्या अंगाकडून सुरुवात केलीत. उताराला आडवे उथळ चर, चरांच्या कडेने तुमच्या माहेरचा ऐन, करंज, बांबू, आणि झाडांखाली पाचोळा आहे तसा. तिथेच एक जुना ओहोळ होता, तो सपाट करून गोदाम बांधायचं भावोजींच्या मनात होतं. तो पट्टा तुम्ही पाण्याला बसायला मोकळा ठेवून घेतलात. कसा, ते तुम्ही आणि भावोजीच जाणोत. दोन दिवस तुमच्या खोलीचं दार बंद होतं एवढं मला आठवतं.

पण एका वाडीने पाणी मुरवून काय होणार, शेजारी ओढतच होते. पाणी खालून सगळ्यांचं एकच, तिथे बांध नाही, कुंपण नाही. हे तुम्हाला कळलं त्या दिवसापासून तुमचं ते फिरणं सुरू झालं. दर आवसेला, अमावास्येचं उधाण समुद्राला असतं त्या दिवशी, तुम्ही तांब्या घेऊन आळीतल्या प्रत्येक वाडीत जायचात. विहिरीचं पाणी काढायचं, त्यांच्यासमोर प्यायचं आणि सांगायचं, गोड की मचूळ. एक जरी विहीर मचूळ लागली तरी उधाण उतरेपर्यंत सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायच्या, असं तुम्ही ठरवून घेतलंत. ठरवून घेतलंत हे म्हणायला सोपं आहे. रमणभाईंनी तुम्हाला पहिल्या खेपेला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. गार्गीने खारेपणा मोजायचं यंत्र आणून दिलं, ते आकडा बरोबर दाखवायचं, पण त्या आकड्याला कोणी भीक घातली नाही. पुढे गार्गीच म्हणाली, आई, चर हे अर्धंच काम आहे, तू जातेस हे उरलेलं. तुम्ही ओट्यावर बसणार, त्यांच्या सुनेच्या पोटातल्या बाळाची चौकशी करणार, त्यांच्या विहिरीचं पाणी त्यांच्यादेखत पिणार, आणि मग मोटर बंद करा म्हणणार. नाही म्हणायला माणसाला जागाच राहायची नाही.

आणि मग ती डाळ. आठवतं ना? चैत्र चालू होता, मी नेहमीसारखा कुकर लावला, नेहमीसारख्या शिट्ट्या केल्या, झाकण उघडलं तर डाळ पार गळून गेलेली. मला वाटलं, डाळ बदलली. वाण्याकडून कुठली आणली म्हणून मी ह्यांना विचारलं सुद्धा. मग मनात काय आलं, तशीच मागच्या दारी गेले, कळशीतलं पाणी तोंडात घेतलं. पाण्याला काही चव नव्हती. काहीच नाही. मी तुम्हाला हाक मारली, ती हाक रमणभाईंच्या वाडीपर्यंत गेली असणार. तुम्ही धावत आलात, पदराला माती, हातात कोयता. तुम्ही पाणी प्यायलात आणि खाली पायरीवर बसलात. आम्ही दोघी त्या पायरीवर बसून साधं वरण वाटीने प्यालो. समुद्राला मागे ढकलता येतं आणि ते पावसाचं पाणी थांबवून, पाचोळा न जाळून, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून होतं, हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं. अजूनही पुरतं मावलेलं नाही.

त्यानंतर मी वाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच शेफारला असतात. वैशाखाच्या दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, मी चिकूखालच्या पाचोळ्यात कोपरापर्यंत हात घालायचे. आत गार असायचं, ओलं. पांढऱ्या बारीक तंतूंचं जाळं पानांना शिवून टाकलेलं, गांडुळं, किडे, नावं माहीत नसलेले जीव. मातीला वास यायचा, जो आपल्या वाडीच्या मातीला आधी कधी नव्हता. करंजांवर धनेशाची जोडी आली तेव्हा मी तुम्हाला बोलवायला आले आणि तुम्ही नेमक्या डहाणूला बाजाराला गेला होतात. तुम्हाला बघायला मिळालं नाही म्हणून मी त्या पक्ष्यांवरच चिडले. एवढं सगळं आपल्या पायाखाली आणि डोक्यावर चाललेलं असतं आणि आपण ते खराट्याने गोळा करून जाळत होतो. देवळात गेल्यावर जसे हात आपोआप जुळतात तसं मला त्या झाडांखाली व्हायचं. आता सांगून टाकते, जुळायचे.

वाढवणला होऊ घातलेल्या नव्या बंदरावरचा आपला वाद तेवढा राहिला. माझ्या अमोलला तिथे नोकरी मिळाली तर बरं, असं मी म्हटलं आणि तुम्ही भडकलात. जागेला आधी विचारायला नको का, तिथल्या माणसांना, तिथल्या पाण्याला, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, जागा पोरांना पगार देत नाही. तुम्ही म्हणालात, वाडीने तुला काय दिलं नाही सांग. अमोल दोघींकडे बघत जेवत होता. मला अजूनही माझं चुकलं असं वाटत नाही, ताई, आणि तुमचं चुकलं असंही वाटत नाही. तुम्ही असतात तर आपण आणखी काही वर्षं भांडलो असतो आणि कदाचित दोघींच्या मधलं काहीतरी सापडलं असतं. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते.

आता आणखी एक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी तुम्ही मुंबईहून केमो घेऊन आलात आणि हट्टाने आवसेला निघालात. उन्हात चक्कर येईल म्हणून मी बरोबर आले. रमणभाईंच्या विहिरीवर तुम्ही पाणी प्यायलात आणि थांबलात. नेहमीपेक्षा जास्तच थांबलात. मग तांब्या माझ्या हातात दिलात, तूही घे गं, ऊन लागलंय तुला. मी प्यायले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मग म्हणालात, गोड आहे, रमणभाई, चालू द्या. वाटेत मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "औषधाने जिभेची चव गेली माझी. आजपासून तुझी उसनी घेते." त्या दिवसापासून प्रत्येक आवसेला आधी मी प्यायचे. पाणी मचूळ लागलं की मी पदराने तोंड पुसायचे, आणि तुम्ही ठणकावून सांगायचात, मोटर बंद. आळीला वाटायचं लीलाबेनची जीभ काय तिखट आहे. आपण दोघी बांधावरून घरी येताना हसायचो. तुम्हाला घास गिळवत नव्हता त्या दिवसांतही हसायचो.

तुम्ही गेलात, दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी गेली. चैत्र यंदा असा तापला की चिकूची फुलं आणि बारीक फळं झाडाखाली पडायला लागली. पहिल्यांदा आमच्या ह्यांनीच मोटर जास्त वेळ चालवली. मी बोलले, तर म्हणाले, आता कोण विचारतंय? मग रमणभाईंची मोटर ऐकू यायला लागली, मग पलीकडची. भावोजी तुमच्या खाटेवर नुसते बसून असायचे. मला रात्रंदिवस एकच दिसायचं, ती करपलेली पानं आणि तो कुकर.

काल आवस होती. मी सकाळचं आवरलं, तांब्या घेतला आणि निघाले. गार्गी येते म्हणाली, मी नको म्हटलं. रमणभाई विहिरीवरच होते, मोटर चालू. मी तांब्या पुढे केला तर म्हणाले, "लीलाबेन गेल्या. आता चाखून कोण सांगणार, बेन? फूल गळतंय, चालू दे." मी म्हटलं, मी सांगते. ते म्हणाले, तुला काय कळतं? रमणभाई, मागचं वर्षभर तुम्हाला जे सांगितलं ते कोणाच्या जिभेने सांगितलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, ताई. पण ते आपल्या दोघींचं आहे, ते मी नाही बोलले. त्यांच्या ओट्यावर बसले, त्यांच्या नातवाच्या तापाची चौकशी केली, आणि पाणी प्यायले. गोड होतं. तसं सांगितलं. ते जरा चपापले, बंद करायला सांगेन अशी त्यांची खात्री होती बहुतेक. मी पुढच्या वाडीत निघाले तर ते मागून चालत आले. तिथेही गोड. सगळीकडे गोड. माझा जीव भांड्यात पडत होता, आणि शेवटी आपली विहीर राहिली, समुद्राच्या सगळ्यात जवळची.

आमचे हे उभे होते, भावोजी ओटीवरून उठून आले होते, रमणभाई होते. मी आपल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि मला कळलं.

आपल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, ताई. फार नव्हे. सुरुवातीचं, जिभेच्या कडेला लागतं तेवढंच. गोड आहे म्हटलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. ह्यांचं तोंड मला दिसत होतं, झाडांखाली पडलेली फळं दिसत होती. आणि एकदा मचूळ म्हटलं की ज्यांच्या विहिरी गोड आहेत त्यांनीही मोटर बंद करायची, हे मी कोणत्या अधिकाराने सांगायचं? मी काही तुम्ही नव्हे.

मी म्हटलं, "मचूळ आहे. सगळ्या मोटरी बंद करायच्या."

हे म्हणाले, नीट बघ. मी पुन्हा प्यायले आणि पुन्हा तेच सांगितलं. भावोजी मोटरच्या खोलीकडे गेले आणि त्यांनी आपली मोटर बंद केली. रमणभाई बांधावरून निघून गेले. मी कठड्याला धरून उभी राहिले. त्यांची मोटर चालूच होती, मग बंद झाली. थोड्या वेळाने त्यांच्या पलीकडची बंद झाली, मग त्याच्या पलीकडची, आणि आळीच्या टोकापर्यंत कुठलीच ऐकू येईना.

ताई, तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नव्हते. गार्गीला धरून बसले, आल्यागेल्याला पाणी दिलं, भाताचे पिंड केले, आणि सगळं करताना आत कुठेतरी वाटत होतं की तुम्ही मुंबईला औषधाला गेला आहात आणि आवसेपर्यंत याल. काल त्यांनी माझं ऐकलं. माझ्या शब्दावर सगळी आळी थांबली, तेव्हा मला कळलं की तुम्ही आता येणार नाही. मी विहिरीपाशीच खाली बसले आणि मोठ्याने रडले, आणि भावोजी माझ्या शेजारी येऊन बसले.